आपत्कालीन खिडकीतली पंगत

बाबांच्या दोन इच्छा बरीच वर्षं मागे पडत गेल्या होत्या. एक, डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये बसून चहा प्यायचा. दुसरी, कणकवलीच्या आत्याकडे पॅसेंजरने जायचं, ‘सगळी स्टेशनं बघत’. पहिलीला माझी हरकत नव्हती. दुसरीला होती, कारण मे महिना होता आणि बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. पण एसटीत तीस वर्षं कंडक्टर राहिलेल्या माणसाला गर्दीची भीती घालणं म्हणजे कोळ्याला पाण्याची भीती घालण्यासारखं. शेवटी दोन्ही इच्छा एकाच फेरीत बसवल्या. चार दिवस, तीन गाड्या.

एक आधीच सांगून ठेवते. बाबांना रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, तरी कुठल्याही वाहनात चढले की ते आधी माणसं मोजतात. लग्नाच्या बसमध्येसुद्धा.

दिवस पहिला : पुणे ते मुंबई

सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन. गाडी हलली न हलली तोच बाबा उठले. “चल, जागा जाईल.” आमची जागा होती की आरक्षित, पण त्यांना म्हणायचं होतं टेबलाची.

ही गाडी १ जून १९३० ला सुरू झाली. दर १ जूनला पुणे स्टेशनवर प्रवासी तिचा वाढदिवस केक कापून साजरा करतात, हे पुण्यात राहून कानावर असतंच. जून २०२२ मध्ये तिला नवे एलएचबी, म्हणजे जर्मन तंत्राचे, डबे मिळाले आणि डायनिंग कारही नवी झाली. जुन्या कारमध्ये ३२ जणांच्या बसण्याची सोय होती. टेबल, खुर्ची, मोठी काच, आणि ऑर्डर घ्यायला वही घेऊन उभा असलेला माणूस. आम्ही चीज टोस्ट, ऑम्लेट आणि चहा मागवला. बाबांनी टोस्ट सुरीने कापून खाल्ला. घरी ते चपातीचा रोल करून चहात बुडवतात.

सभोवार एक नजर फिरवून ते म्हणाले, “अगं, अख्खा डबा खाण्यासाठी सोडलाय. यात शंभर माणसं बसली असती.”

“मग चुकीचं आहे का?”

“चुकीचं नाही. पण आमच्याकडे एक सीट रिकामी गेली तरी डेपोत विचारायचे.”

समोर एक पासधारक बसले होते. बँकेत नोकरी, कित्येक वर्षं रोज जाऊन-येऊन. ते आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी डायनिंग कारमध्ये येतात म्हणाले. “रोज आलो तर घरचा डबा कोण संपवणार?” त्यांच्या डब्यात त्या दिवशी भेंडी होती आणि तीही त्यांनी टोस्टच्या शेजारी उघडली. बाबांना एक फोड मिळाली. खंडाळ्याचे बोगदे सुरू झाले तेव्हा टेबलावरचे कप किणकिणत होते आणि ही दोन माणसं महागाई भत्त्यावर बोलत होती.

या गाडीने जाणार असाल तर पुण्याहून सुटल्या सुटल्या डायनिंग कार गाठा. लोणावळ्यापर्यंत रेंगाळलात तर उभं राहून वाट बघावी लागेल. आणि मागवलेलं खाऊन झालं की उठा, कारण तुमच्या मागे कुणीतरी उभं असतंच.

मुंबईत काही कामं उरकून रात्री डोंबिवलीला मावसबहिणीकडे मुक्काम केला. तिने न विचारता तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं. “पॅसेंजरमध्ये काही मिळायचं नाही,” असं ती म्हणाली. हे अर्धंच खरं निघालं. मिळतं सगळं, फक्त तुमच्यापर्यंत पोचत नाही.

दिवस दुसरा : दिवा ते कणकवली

पहाटे साडेचारला उठून लोकलने दिव्याला. दिवा–सावंतवाडी गाडी साडेसहाच्या सुमाराला सुटते, पण तिच्या फलाटावर पाच वाजल्यापासून माणसं बसलेली होती. कुणी वर्तमानपत्र पसरून, कुणी आंब्याच्या रिकाम्या पेट्यांवर. गावाला जाताना या रिकाम्या पेट्या न्यायच्या आणि येताना भरून आणायच्या. तिकीट बाबांनी हट्टाने खिडकीवरून, कागदाचं काढलं. पूर्वी रत्नागिरी पॅसेंजर दादरपर्यंत जायची, आता तीही दिव्यालाच थांबते, त्यामुळे कोकणात स्वस्तात जाणाऱ्याला दिवा गाठल्यावाचून गत्यंतर नाही.

गाडी रिकामी आली आणि चार मिनिटांत भरली. मी अतिशयोक्ती करत नाही, घड्याळ बघितलं होतं. आम्हाला जागा मिळाली ती देवरुखच्या एका पोराच्या कृपेने. आपत्कालीन खिडकी, म्हणजे जिला गज नसतात ती, त्याने बाहेरून उघडली, आपली सॅक आत टाकली, मग आमची पिशवी टाकली, मग स्वतः शिरला आणि आम्ही दारातून धडपडत पोचेपर्यंत तीन जणांची जागा पाय पसरून राखली. “काका, खिडकीशी तुम्ही बसा,” असं त्याने म्हटलं आणि पुढच्या आठ तासांचं भवितव्य ठरलं.

डब्यात एक पत्र्याची पाटी होती : बसण्यासाठी ९०. बाबांनी ती वाचली, मग पाटीच्या खाली, बाजूला, दारावर, अजून काही लिहिलंय का ते बघितलं.

“उभे किती ते लिहिलेलं नाही.”

“रेल्वेत नसतं बाबा.”

“असं कसं? बसमध्ये असतं की. बसलेले इतके, उभे इतके.”

पनवेल सोडलं तेव्हा त्यांची मोजदाद संपली. २१३. त्यात मांडीवरची पोरं धरलेली नव्हती, संडासाच्या बोळात उभे असलेलेही अंदाजानेच घेतलेले.

पेणच्या आसपास डब्याच्या दाराशी ‘चाय चाय’ असा आवाज आला. आवाज दारातच राहिला, कारण किटली घेऊन आत यायला वाट नव्हती. थोड्या वेळाने तो पुढच्या दारातून ऐकू आला, म्हणजे बिचारा खाली उतरून, फलाटावरून धावत, पलीकडून चढायचा प्रयत्न करत होता. आमच्या समोर सत्तरीच्या एक आजी होत्या, संगमेश्वरकडच्या. मी त्यांना पाण्याची बाटली पुढे केली तर हाताने थांबवलं. “नको गो बाय. पाणी पिऊन काय करू, जाऊ कुठे?” संडास तिथून जेमतेम पंधरा पावलांवर होता, आणि त्या पंधरा पावलांत चाळीस माणसं आणि त्यांचं सामान. दिव्यापासून त्यांनी घोटभरही पाणी घेतलं नव्हतं. आजूबाजूला विचारलं तर निम्म्या बायकांचं तेच.

गाडीत चांगलं खाणं मिळत नाही अशी ओरड करताना आपण पँट्री, मेनू, दर, चव यावर बोलतो. या डब्यात तो विषय निघण्याआधीच संपलेला होता.

रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. इथून दक्षिणेला मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. २६ जानेवारी १९९८ ला हा मार्ग पूर्ण वाहतुकीला खुला झाला. रोहा ते वीर हा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, त्यामुळे वीरपर्यंत आम्ही बऱ्यापैकी वेगात होतो. त्यानंतर एकच रूळ. समोरून एक्सप्रेस येणार असेल किंवा मागून येऊन पुढे जाणार असेल, तर पॅसेंजरने बाजूच्या लूप लाइनवर उभं राहायचं. याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना सुस्कारा आपोआप येतो.

वीरच्या पुढच्या एका छोट्या स्टेशनवर, नाव घेत नाही, आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो. आधी समोरून एक गेली, मग मागून एक. स्टेशन देखणं. मागे डोंगर, पुढे बोगदा, गुलमोहर फुललेला. स्टॉल नाही. एक नळ होता, आमच्या डब्यापासून बराच लांब, आणि जो उतरून पाणी आणायला जाईल त्याची उभी राहायची जागा गेलीच म्हणून समजा. पत्रा तापला होता. वारा गाडी चालू असतानाच येतो.

तेवढ्यात रुळांच्या पलीकडून दोन पोरं आली, आठ-दहा वर्षांची, हातात पातेलं. करवंदं. पळसाच्या पानाचे द्रोण, काडीने टाचलेले. एक द्रोण दहा रुपये. पातेलं दीड मिनिटात रिकामं झालं. धाकटा घरी पळाला, दुसरं पातेलं आणायला, पण तो परत दिसला तेव्हा गाडी हलली होती. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमची बस हॉटेल नाही तिथे थांबायची नाही.”

त्यांचं म्हणणं साधं होतं. लांब पल्ल्याच्या एसटीत कंडक्टर ओरडून सांगतो, गाडी पंधरा मिनिटं थांबेल, चहापाणी करून घ्या. ते थांबणं कॅन्टीन बघूनच ठरवलेलं असतं. इथे मात्र गाडी जिथे चाळीस मिनिटं थांबते तिथे चहा नाही, आणि जिथे चहा आहे तिथे दोन-तीन मिनिटांत सुटते. एक्सप्रेसला वाट द्यायचीच आहे तर ती खेडला किंवा चिपळूणला द्यावी. गणित तितकं सोपं नाही, हे मलाही कळतं. कुठली गाडी कुठे किती उशिरा येईल त्यावर क्रॉसिंग हलतं. पण नेहमीची काही क्रॉसिंगं तरी वेळापत्रकात ठरलेलीच असतात ना? आणि गाडी हलवता येत नसेल, तर त्या छोट्या स्टेशनवर गावातल्या बचत गटाला एक टेबल मांडू द्या. परवान्याशिवाय विकणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली गुन्हा आहे. म्हणजे त्या पोरांनी करवंदं विकणंही कायद्याने गुन्ह्यातच मोडतं. मोठ्या स्टेशनांवर ‘एक स्थानक एक उत्पादन’ योजनेत कोकम-काजूचे स्टॉल आले आहेत, छान सजवलेले. पण पॅसेंजरचा माणूस ताटकळतो तो तिथे नाही.

चिपळूणला मात्र जे घडलं त्यासाठी हा सगळा प्रवास केला असं वाटावं. गाडी थांबली, फलाटावर वडापाववाले, पाणीवाले, ताकवाले खिडक्यांकडे धावले. जनरल डब्याच्या खिडक्यांना आडवे गज असतात. त्यातून वडापाव जातो, पण दाबून चपटा केला तर. पाण्याची बाटली आडवी करून जाते. चहाचा कप हळूच तिरका केला तर जातो आणि थोडा सांडतो. ताट, वाटी, पुलावाचा डबा, सरळ धरायची कुठलीही गोष्ट जात नाही. या गाडीचा मेनू कार्ड छापणारा कुणी ठरवत नाही, दोन गजांमधलं अंतर ठरवतं. अख्ख्या डब्यात आमच्या बाजूला गज नसलेली एकच खिडकी, आणि तिच्याशी बसले होते तीस वर्षांचा अनुभव असलेले निवृत्त वाहक.

पहिल्यांदा मागच्या बाकावरून कुणीतरी विनंती केली, काका, दोन वडापाव घ्या ना. शंभराची नोट हातोहात आली. बाबांनी ती घेतली, वडापाव घेतले, मागे पाठवले. दुसरी नोट आली. तिसरी. मग बाबा उभे राहिले. आवाज अचानक बदलला, मला लहानपणी स्वारगेटला ऐकलेला आठवला तो.

“एकेक जण बोला! वडापाव किती? पाणी किती? सुट्टे असतील त्यांनी आधी!”

आणि त्यांनी नोटा उभ्या दुमडून डाव्या हाताच्या बोटांमध्ये खोचल्या. दहाच्या पहिल्या फटीत, वीसच्या दुसऱ्या, पन्नास-शंभरच्या तिसऱ्या. चौदा वर्षांनी. बोटांनी विचारलंसुद्धा नाही.

वडापाव डब्याच्या दोन्ही टोकांना हातोहात जात होते. दाराशी लटकलेल्या माणसाचा वडापाव तेरा हातांतून गेला, मी मोजले, आणि कुणी त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघितलं नाही. फोनने पैसे देणाऱ्यांचं अवघड होतं. वडापाववाल्याच्या गळ्यात क्यूआरची पाटी होती, पण मधल्या माणसाचा फोन तिथवर पोचेना. देवरुखच्या पोराने त्या पाटीचा फोटो काढला आणि फोनच डब्यातून फिरवला. ज्यांना सुट्टे देता आले नाहीत त्यांचा हिशोब बाबांनी आमच्या तिकिटाच्या मागे लिहिला. कंडक्टर तसाच लिहितात, बाकी किती ते. नाव कुणाचं माहीत नव्हतं, म्हणून खुणा : चष्मा २०, लाल पिशवी ३०, हिरवा शर्ट १०.

गाडी हलली तेव्हा ताकवाला सोबत धावत होता आणि बाबा त्याला शेवटचे चाळीस रुपये देत होते. आजींनी वडापाव घेतला, पण पाणी नाही.

२०२३ पासून रेल्वेने काही स्टेशनांवर जनरल डबे थांबतात त्या जागेसमोरच स्वस्त जेवणाची काउंटर लावायला सुरुवात केली. २० रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचं. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते, पुऱ्यांमुळे नाही तर जागेमुळे. एरवी स्टॉल फलाटाच्या मध्यावर आणि जनरल डबे दोन टोकांना, ही आपली जुनी रीत. अशी काउंटर पॅसेंजरच्या प्रत्येक मोठ्या थांब्यावर, पाच मिनिटं जास्त थांबा देऊन, मिळाली तर पँट्री कारची गरजच नाही.

उक्षीच्या पुढे करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. सगळा डबा काळोखात, पंख्यांचा घरघराट आणि वडापावच्या चटणीचा वास. मग रत्नागिरी, आणि निम्मा डबा उतरला. पाठोपाठ पानवळ नदीवरचा ६४ मीटर उंच पूल आला, लोक खिडक्यांना चिकटले. तोवर दारातून एक माणूस सरबताची बादली आणि उकडलेल्या अंड्यांची टोपली घेऊन चढलाही होता. आरामात, पॅसेजमधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. दिव्यापासून सात-आठ तासांत डब्यात चालणारा तो पहिला विक्रेता. कोकम सरबत थंड होतं, मिठाचा हात सढळ. मी संडासालाही जाऊन आले. बाबांनी पुन्हा मोजलं : ८४. “आता हॉटेल सुरू झालं,” ते म्हणाले.

तुम्हाला ही गाडी करायचीच असेल तर आपत्कालीन खिडकी धरा, पण वाटप करायची तयारी ठेवा. दहा-वीसच्या नोटा भरपूर घ्या. खाणं कोरडं आणि एका हाताने खाता येईल असं असू द्या. आमची बटाट्याची भाजी शेवटी वैभववाडीला उघडली, कारण त्याआधी कोपर हलवता येत नव्हतं. सोबत म्हातारं माणूस असेल तर मे महिना आणि गणपती टाळा. गणपतीत तर मी स्वतःही जाणार नाही.

कणकवलीला संध्याकाळ झाली होती. आत्या स्टेशनवर आली होती. बाबांकडे बघून म्हणाली, “दादा, वायच सुकलंस रे. गाडयेत काय खावक गावला नाय?”

“खाल्लंय गो,” बाबा म्हणाले. “वर चाळीस जणांका वाढलंय.”

दिवस तिसरा : कणकवली

दिवसभर खाणं आणि झोपणं. सकाळी घावणे आणि गूळ-खोबऱ्याचा रस, दुपारी काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, सोलकढी. आंबे मोजायचे नाहीत असं आत्याने बजावलं होतं, बाबांनी तरीही मोजले. दुपारी ढग आले, गडगडलं, पाऊस नाही.

संध्याकाळी आतेभावाबरोबर स्टेशनकडे फिरायला गेलो. चहाच्या टपरीवर एकजण भेटले, पूर्वी गाड्यांत पाणी विकायचे, आता टपरी टाकलीय. डबे वाढवले पाहिजेत असं मी म्हटलं. ते हसले. “ताई, डबे वाढवाल हो, पण फलाट?” छोट्या स्टेशनांवर गाडीची शेपटी आजही फलाटाबाहेर राहते, माणसं खडीवर उड्या मारतात. लूपची लांबीही बघावी लागते, कारण क्रॉसिंगला उभी राहिलेली गाडी त्यात मावली पाहिजे. त्यांच्या मते खरी करामत आहे त्या लांबीत माणसं जास्त बसवण्यात. जुन्या जनरल डब्यात ९०, नव्या एलएचबी डब्यात १००. आणि दुसरं म्हणजे वीज. २०२२ मध्ये या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. एलएचबी गाडीला दोन्ही टोकांना जनरेटरचे डबे लागायचे, पंखे-दिव्यांसाठी. आता वीज इंजिनातूनच घेता येते, त्यामुळे त्यातल्या एका डब्याच्या जागी माणसांचा डबा लावता येतो. गाडी एक फूटही न वाढता. हे त्यांनी मला चहाच्या दोन ग्लासांनी आणि बिस्किटांच्या पुड्याने मांडून दाखवलं. बाबा इतके खूश झाले की त्यांनी बिस्किटांचा पुडा विकत घेतला.

जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागलं की दरडींच्या धास्तीने वेग कमी होतो आणि गाड्यांच्या वेळा बदलतात. तेव्हा जाणार असाल तर जुनी वेळ डोक्यात ठेवून स्टेशनवर जाऊ नका.

दिवस चौथा : मांडवीने परत

परतीचं स्लीपरचं आरक्षण मांडवी एक्सप्रेसचं होतं. मडगावहून मुंबईला येणारी ही गाडी खाण्यासाठी माहीत नसलेला कोकणी माणूस विरळाच. तिची पँट्री गाडीतच रांधते आणि वाढपी दिवसभर फिरत असतात. आम्ही बसून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर बटाटेवडा येऊन गेला. मग साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, टोमॅटो सूप, कांदाभजी, चिकन लॉलीपॉप, बिर्याणी, गुलाबजाम. बाबांनी कणकवली ते रत्नागिरी २६ फेऱ्या मोजल्या, चहाच्या वेगळ्या. थालीपीठ लोण्याबरोबर आलं ते मागवाच. बिर्याणी घ्यायची तर रत्नागिरीच्या आधी सांगून ठेवा, आमच्या शेजारच्या कुटुंबाला नंतर मिळाली नाही.

एलएचबी स्लीपरमध्ये ८० जागा आणि आमच्या डब्यात साधारण तेवढीच माणसं. वाढपी दोन्ही हातांत ट्रे घेऊन, कुणाला धक्का न लावता, खांद्याने पडदा सारल्यासारखा चालत होता. बाबा त्याच्या पायांकडे बघत होते, ट्रेकडे नाही.

रत्नागिरीच्या आसपास गाडी एका छोट्या स्टेशनातून न थांबता निघाली. बाजूच्या लूपवर सावंतवाडीकडे जाणारी पॅसेंजर उभी होती, आमच्यासाठी. दारांत माणसं, पायऱ्यांवर माणसं, गजांना टेकवलेली कपाळं. एका खिडकीतून रिकामी बाटली धरलेला हात बाहेर आला होता, फलाटावर कुणीही नसताना. बाबांच्या हातात थालीपीठाची डिश होती. त्यांचे ओठ हलत होते. गाडी पुढे गेल्यावर त्यांनी मान हलवली. “नाही जमलं. स्पीड जास्त आहे.”

थालीपीठ त्यांनी खाल्लं, गार झालेलं. पुढची भजी नको म्हणाले.

रात्री ठाण्याला उतरलो, शिवनेरी पकडली, अडीचला घरी. दुसऱ्या दिवशी धुवायला टाकताना बाबांच्या शर्टाच्या खिशात दिव्याचं तिकीट सापडलं. मागच्या बाजूला चष्मा २० खोडलेलं, लाल पिशवी ३० खोडलेलं. हिरवा शर्ट १० तसंच. तिकिटात दहाची नोट उभी दुमडून ठेवली होती.

“संगमेश्वरला उतरला वाटतं तो,” बाबा म्हणाले. “मी आरवलीपर्यंत लक्षात ठेवलं होतं.”

तिकीट आणि नोट त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात ठेवली आहे. फेकू देत नाहीत.